शनीची कडी

भाट्याच्या किनाऱ्यावर खगोल मंडळाचं आकाशदर्शन होतं. मंडळाच्या सरांनी दुर्बीण सांभाळायला मला दिली, नववीत शाळा सोडलेल्या मला, म्हणून मी जरा तोऱ्यातच होतो. मोठी माणसं डोळा लावत, "वा, काय शनी!" करत पुढे सरकत होती. मग दुसरीतली ऋतिका आली.

"दादा, नुसता काळोख हाय."

"सगळ्यांना दिसतो, तुलाच कसा नाय गो? मठ्ठ हायस काय?"

रांग हसली. तिने परत डोळा लावला. "दिसला. कडी पण दिसली."

ती बाजूला झाल्यावर मी डोळा लावला. नुसता काळोख. शनी सरकतो, दर दोन मिनिटांनी दुर्बीण हलव, असं सरांनी बजावलेलं. मी गुपचूप हलवली.

"दादाला थँक्यू म्हण गो," तिची आई म्हणाली.

तिने म्हटलं.