नऊ वेळा

"पासवर्ड कुणीतरी बदललाय," मास्तर मोठ्या डॉक्टरांना म्हणाले आणि त्यांनी ऑपरेटर मुलीकडे पाहिलं. तेवढं पुरलं. डॉक्टर तिच्याकडे वळले.

"तू?"

"नाही सर. मला तो माहीतच नाही."

तपासण्यांचे सगळे रिपोर्ट ज्या डेटाबेसमध्ये होते, तो सकाळपासून कुलूपबंद. रोज सकाळी तो उघडायला लागणारा मुख्य पासवर्ड एकट्या मास्तरांकडे. बावीस वर्षं त्यांनी संगणक विभाग सांभाळला होता, निम्म्या हॉस्पिटलला माउस धरायला शिकवलं होतं. म्हणून ते मास्तर. खिडकीबाहेर रांग वाढत होती. एका बाईंचं ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टसाठी खोळंबलं होतं.

"अर्ध्या तासात चालू करा. कुणाचे उद्योग आहेत ते मग बघतो." डॉक्टर निघून गेले.

मास्तरांची बोटं कीबोर्डवर नुसतीच फिरत होती.

"सरका मास्तर, मी करते," मुलगी म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंय."

तिने सर्व्हर बंद केला आणि पासवर्ड न मागणाऱ्या पद्धतीने पुन्हा सुरू केला. रिपोर्ट दिसू लागले. मग काय बिघडलं होतं ते पाहायला तिने सर्व्हरवरच्या लॉगिनच्या नोंदी उघडल्या.

पासवर्ड कुणीच बदलला नव्हता. आठ ते साडेआठ, मास्तरांच्याच टेबलावरून, नऊ वेळा चुकीचा पासवर्ड. ओळीखाली ओळ.

तिने वाचलं. ती वाचतेय हे मास्तरांनी पाहिलं. त्यांचे कान तापले.

दार उघडलं. "झालं? कोण होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मुलगी उठून उभी राहिली. "मास्तर सांगतील."

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द आले ते वेगळेच. "जुना सर्व्हर आहे, सर. होतं असं कधीकधी."

"म्हणजे हिने नाही केलं?"

"छे, छे. हिने नाही."

"बरं." डॉक्टर घाईने परतले.

मुलीने नोंदी बंद केल्या. ती चिडली असती, दोन शब्द बोलली असती, तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"नवा पासवर्ड टाका," ती म्हणाली. "मी बघत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तरांनी एकेक अक्षर शोधून टाकलं. पुन्हा एकदा टाकलं. मग, बावीस वर्षांत कुणालाच करू दिलं नव्हतं ते केलं: एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि चिठ्ठी खिशात सरकवली.

"झालं," ते म्हणाले.

ती वळली नाही.