बदलीची गावं

कंपनीच्या पन्नाशीनिमित्त इतिहास लिहायला आलेली मुलगी मालकांच्या घरी नकाशा पसरून बसली होती. नऊ गावं, नऊ सिनेमा थिएटरं. तिला एका गोष्टीचं मोठं नवल वाटत होतं.

“काका, दर वेळी थिएटर नसलेलंच गाव नेमकं कसं हेरलंत?”

मालक शेजारी बसलेल्या बायकोकडे बघून दिलखुलास हसले. “कसलं हेरणं, बाळ! ही सरकारी दवाखान्यात नर्स. तीन-चार वर्षं झाली की बदली. हिला एकटीला कुठे धाडायचं? मग मीही बिऱ्हाड उचलायचो. तिथे स्वस्थ बसवेना, म्हणून थिएटर काढायचो. त्या खात्याला मी जन्मभर शिव्या घातल्या.”

“आणि नवव्यानंतर थांबलात ते?”

“ही रिटायर झाली ना!”

मुलीने हसत हसत सगळं लिहून घेतलं. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गॅलरीत गेले. काकू हळूच तिच्याजवळ सरकल्या.

“थिएटर एकदा सुरळीत चालू लागलं की यांचं मन उडायचं. जेवणावरची वासनाच जायची. नवीन काही उभारायला मिळालं तरच माणूस ताळ्यावर. म्हणून बदलीचा अर्ज मीच करायचे. आधी रजा टाकून गाव बघून यायचे, थिएटर नाही ना, याची खात्री करायचे.”

मुलीचं पेन थांबलं. “काकांना माहीतच नाही?”

“नाही. आणि तू छापू नकोस हं. माझ्यासाठी आपण गावोगाव फिरलो, याचा त्यांना फार अभिमान आहे.”