कोरी काच

काचेच्या दुकानाची म्हातारी मालकीण कामाला लागलेल्या नव्या बाईला भंगारातल्या तुकड्यांवर नव्हे, कोऱ्या करकरीत काचेवर कापणं शिकवत होती. “आई, दिवाळं काढशील!” मुलगा रोज कपाळ बडवायचा. “फुटलं तर फुटलं म्हणत शिकलेला हात जन्मभर फोडतच राहतो,” म्हातारी फटकारायची. आज जुना कारागीर तापाने फणफणला होता, आरशाची शेवटची भिंतभर काच टेबलावर होती, आणि घाईतलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानाकडे बघत होतं. म्हातारीने काच कापायची हिरकणी नव्या बाईच्या हातात दिली आणि खुशाल पाठ फिरवली. मुलाने डोळे मिटले. बाईने न थांबता, न गिरवता एकच रेघ ओढून काच दाबली. टक्क करून ती रेघेवरच सुटली. म्हातारीने मुलाला दुसरी, साधी कोरी काच काढायला लावली. “आता कुणाला शिकवायचंय?” त्याने विचारलं. “तुला, शहाण्या! आणि शिकवणार ही. आजपासून हिला मास्तरीणबाई म्हणायचं.”