डावा दिवा

"पुन्हा लागला," नम्रता म्हणाली. "सहदेव, डावा दिवा. कुठे वळायचंय?"

सहदेवने खाली पाहिलं. समोरचा हिरवा बाण उघडमीट करत होता. त्याने घाईघाईने दांडी सरळ केली. "हात लागला असेल, मॅडम."

तेवढ्यात गाडी रस्त्यावर आडव्या घातलेल्या मातीच्या बांधावर चढली आणि धप्पकन खाली आली. नम्रताने मांडीवरचा लॅपटॉप कसाबसा सावरला.

गाडी अजून बाजारात यायची होती. शहरातल्या गल्लीबोळांसाठी बनवलेली, छोटीशी, बॅटरीवर चालणारी. तिचा आकार कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचं आवरण चिकटवलं होतं. बाजूच्या काचाही काळ्या. रस्त्याकडेच्या माणसाला आत कोण आहे ते दिसत नसे. कर्जतहून निघायचं, पळसदरीवरून खालापूर गाठायचं आणि परत फिरायचं. चढावर, खड्ड्यांत एकदा भरलेली बॅटरी किती पुरते ते बघायचं. वाटेत थांबायचं नाही. नम्रता इंजिनिअर होती, नोंदी तिच्याकडे. चालवणं सहदेवकडे.

"हात रोज इथेच कसा लागतो?" तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "प्रत्येक फेरीला, याच जागी. वायरिंगमध्ये दोष असला तर अख्खी गाडी खोलावी लागेल. आणि हा बांध! बॅटरी गाडीच्या पोटाखाली आहे, रोज आपटते. काढला होता ना हा?"

"काढला की कुणीतरी परत घालतं."

वायरिंगमध्ये दोष नव्हता. डावीकडची मातीची वाट एकाच घराला जात होती, आणि ते सहदेवचं घर होतं. याच वळणावर वडिलांनी, आबाजींनी, त्याला टेंपो चालवायला शिकवलं होतं. "दिवा आधी. मग ब्रेक. मग चाक. मागच्याला कळाया नको का, आपन कुटं चाललो ते?" तो टेंपो इतका खडखडे, की दूरच्या उतारावर असतानाच घरात ऐकू येई. आई होती तेव्हा तो आवाज ऐकूनच तवा चुलीवर ठेवी.

मग सहदेव बॅटरीच्या गाड्यांच्या कामाला लागला. "विकून टाका तो टेंपो," तो एकदा म्हणाला. "आता डिझेलला कोण विचारतंय?"

"त्याच्याच धुरावर वाढलास तू," आबाजी म्हणाले. "परत तोंड दाखवू नको."

त्याला दोन पावसाळे झाले. फोन दोघांनीही केला नाही. आता रोज फेरीला घराची कौलं दिसत. सहदेव नजर रस्त्यावर ठेवी. हात मात्र ऐकत नसे.

"मागे घ्या गाडी," नम्रता म्हणाली. "आज विचारूनच टाकू."

सहदेवने आरशात पाहिलं. दबलेल्या बांधापाशी एक म्हातारा फावडं घेऊन आला होता. त्याने गाडी मागे घेतली.

नम्रता उतरली. दार तिने उघडंच ठेवलं. सहदेव स्टिअरिंग धरून बसून राहिला.

"काका, हा बांध तुम्ही घालता?"

"मीच घालतो." आबाजींनी मातीवर फावड्याची पाठ मारली, भातखाचराचा बांध थोपटावा तशी.

"कशाला? इथे शाळा नाही, वस्ती नाही. आमच्या गाडीला लागतं हे. काढावा लागेल."

"काडा की." आबाजी थोपटतच होते. "तुमची गाडी रोज हितं वळायचा दिवा लावते, बाई. आन् वळत नाय. तिला आवाज बी नाय. शेतात असलो तर दिसतं; घरात असलो का कवा आली, कवा गेली, काय कळत नाय. बांधावर आपटली का कळतं."

आबाजींनी फावडं खांद्यावर घेतलं आणि काळ्या काचेकडे न बघता म्हणाले,

"वळायचं नसंल तर नको वळू रं. पन गेलास ते तरी कळू दे."