साठचा कटर

"कोणाचा इश्वास बसणार नाई," बंडूजी मिस्त्री म्हणाले, "पण जवानीत म्या माशीच्या पायाले आटे पाडलेत. वरून नट बी बसवला. माशी उडाली ते नटासकट!"

एरवी बोरगाव मेघेच्या त्या वर्कशॉपात ही माशी उडाली की हशा पिकायचा. आज सगळे टेबलाकडे पाहत होते. तिथं जिनिंगच्या यंत्राचा बेड, म्हणजे लोखंडी बैठक, वाया जाऊन पडला होता. त्यात तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी खाच हवी होती, साठ अंशाच्या कटरनं पाडलेली. काल मालक बाहेरगावी असताना ती मिस्त्रींच्या हातून पंचेचाळीसच्या कटरनं पडली. आता तिच्यात बसणारी पट्टी म्हाताऱ्याच्या दातासारखी हलत होती.

"माशी राहू द्या," मालक रत्नदीप म्हणाला. "ज्याची चूक असंन, तो आजपासून कामावर नाई."

मिस्त्रींच्या हाताखालच्या दिपालीनं मान खाली घातली. कटरच्या दांडीवरचा बारीक आकडा मिस्त्रींना दिसत नाही, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. कटर हाती देताना ती हळूच आकडा सांगायची. मग मिस्त्री धारेवरून अंगठा फिरवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "साठ! अंगठाच बोलते माह्याशी!" तिनं कधी ब्र काढला नव्हता. मशीनवरचं काम सुटलं तर या माणसानं जायचं कुठं?

"म्या साठचाच मांगितला," बंडूजींचा आवाज चढला. "हिनं पंचेचाळीसचा देल्ला. पोरीसोरीचं ध्यान मोबाइलात राह्यते, भाऊ."

दिपालीला कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

"दिपालीनंच देल्ला? तुमी पायलं?" रत्नदीपनं विचारलं.

"पायलं म्हंजे? या डोयानं! अशी समोर उभी होती. निळी ओढणी. वरून हासून राह्यली होती!"

मिस्त्रींनी बोट रोखलं, ते ड्रिल मशीनवर. दिपाली होती त्याच्या हातभर बाजूला.

"काऊन वं दिपाली?" मालकानं विचारलं.

ती मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते ड्रिल मशीनकडे डोळे वटारून होते.

"काल मी आलतीच नाई, मिस्त्रीजी," ती म्हणाली. "पोरीले ताप होता. सकाळी गेटवरच समजलं मले. तुमच्या हाती कटर देल्ला तो आपल्या वॉचमननं. मिशीवाल्या प्रेमदासकाकानं."