कुसळं

"आई, ही अमेरिका आहे. इथे पायी कुठेच जाता येत नाही," असं शार्दूल मला आल्या दिवशीच म्हणाला होता. तो आणि सून कामावर गेली, की मी नातवाला घेऊन घरात. सगळा उन्हाळा असाच गेला. शार्दूलच्या पँटींना चिकटलेली कुसळं मात्र दर धुण्याला वेचायचे. गाडीतून हिंडणाऱ्याला ही लागतात कुठून, कळत नव्हतं.

आज नातवाचा चेंडू मागच्या झुडपात गेला. काढायला वाकले, तर पलीकडे पायवाट! बाळाला कडेवर घेतलं आणि चालत सुटले. वाट संपली तिथेच देशी दुकान, दारात कोथिंबिरीच्या जुड्या. बाळाला बघून गल्ल्यावरच्या बाई चक्क मराठीत बोलल्या.

"हा शार्दूलचा ना? फोटो दाखवतो नेहमी. रोज येतो चालत. तुम्ही कोण?"

"त्याची आई."

"अगंबाई, परत कधी आलात? आमच्या दुपारच्या भजनाला आईंना पाठव म्हटलं, तर म्हणाला, ती केव्हाच गावी गेली."

संध्याकाळी त्यानं ओट्यावर जुडी ठेवली. "तुझ्या कोथिंबिरीसाठी केवढी लांब गाडी न्यावी लागते, आई!"

मी खाली बसून त्याच्या पँटची कुसळं एकेक करून वेचली. मग त्याच्यासमोरच माझ्या साडीचा काठ मांडीवर पसरला आणि त्यातली वेचायला घेतली.