निरोगी गट, क्रमांक चाळीस

"हा फॉर्म निरोगी माणसांच्या गटात घुसडला कुणी?" व्यक्तिमत्त्वाच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या मॅडम साहाय्यिकेवर कडाडल्या. घरच्या माणसाने भरून दिलेल्या त्या फॉर्मवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. 'चूक स्वतःची असली तरी दुसऱ्यावर खेकसणे' यापुढे 'नेहमी'वर ठसठशीत खूण होती. "असल्या माणसाबरोबर घरचे दिवस कसे काढत असतील! अक्कल गहाण टाकलीस का? काढ तो आधी!"

साहाय्यिकेने ढिम्म चेहऱ्याने नावांची यादी पुढे सरकवली. "एक माणूस कमी पडत होतं, तेव्हा तुम्हीच तुमचं नाव घातलंत, मॅडम. फॉर्म तुमच्या लेकीने भरलाय."

मॅडमनी यादी दोनदा वाचली आणि तणतणत घरी फोन लावला.



"साधा एक फॉर्म भरता येत नाही का गं तुला?"